अल्सरवर जिमची पावडर? ग्लुटामिनचा डबा घरात येऊन पडलाय

लालपरी_नाना

नमस्कार मंडळी. एसटीत सत्तावीस वर्षं स्टिअरिंग धरलं, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. टाइप करायला जमत नाही, मोबाइलला बोलून लिहितोय. काही उलटसुलट उमटलं तर सांभाळून घ्या.

घाटात क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेलाय. गेले सात-आठ महिने स्टँडसमोरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेत होतो. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, "नेहमीची द्या" म्हटलं की पट्टी हातात. सकाळी चहाबरोबर एक, रात्री झोपताना एक. दिवाळीनंतर पोटात जळजळ सुरू झाली. रात्री दोन-अडीचला जाग यायची, बरगड्यांच्या मधोमध कुणी निखारा ठेवल्यागत. उठून दोन बिस्किटं खाल्ली की शांत. पित्त म्हणून सोडून दिलं. मग एक दिवस संडासला काळंकुट्ट झालं. रस्त्यावर ओततात तसलं डांबर, चिकट, आणि वास असा की हिने दाराबाहेरूनच विचारलं, "काय झालं हो?"

साताऱ्याला नेऊन दुर्बीण घातली. जठराच्या खालच्या टोकाला आठ मिलिमीटरचा अल्सर निघाला. हिमोग्लोबिन ८.९. दुखण्याची गोळी बंद केली, औषधं लिहून दिली, त्यातली पँटॉप अजून चालू आहे, रात्री जेवण झाल्यावर घेतो. दीड महिना झाला. दुखणं पुष्कळ कमी आहे, पण मधूनच रात्री एखादी कळ येते.

आता मुद्दा. माझा भाचा जिमला जातो. परवा येताना डबा घेऊन आला, ३०० ग्रॅमचा, वर ग्लुटामिन लिहिलंय. पांढरी पावडर, वास नाही, चव नाही. आत पाच ग्रॅमचा चमचा. म्हणतो, "मामा, हे अमिनो अॅसिड आहे, याने पोटाचं अस्तर भरून येतं, उंदरांवर प्रयोग झालेत." मोबाइलवर काहीतरी इंग्रजी दाखवलं, त्यात उंदीर होता एवढं खरं. पोरगं प्रेमाने घेऊन आलंय, साडेनऊशे रुपये घातलेत, म्हणून एकदम नाही म्हणवत नाही. पण मी काही उंदीर नाही.

कुणाला खरंखुरं माहीत असेल तर सांगा. घ्यावं का?

कोबीवाला_पुणे

नाना, पावडर सोडा. कच्च्या कोबीचा रस काढा, रोज सकाळी ग्लासभर. माझं पित्त पंधरा दिवसांत गेलं. यात व्हिटॅमिन यू असतं. ऐंशी रुपयांत काम.

बॅगवाला_एमआर

नाना, पावडरीचं नंतर बघू, आधी पँटॉप. जेवणानंतर घेताय म्हणता, तिथेच निम्मा फायदा घालवताय. जेवायला बसलं की जठरातले आम्लाचे पंप चालू होतात. जो पंप चालू आहे तोच ही गोळी बंद करते. म्हणजे पंप चालू व्हायच्या वेळी औषध रक्तात हजर पाहिजे. सकाळी उठून पाण्याबरोबर घ्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने नाश्ता करा. एकोणीस वर्षं बॅग घेऊन दवाखान्यांच्या बाकांवर बसलोय. दहापैकी सहा पेशंट "पोटात आग पडली की घेतो" म्हणतात. ती काही फायर ब्रिगेड नाही.

आणि "नेहमीची द्या" हे वाक्य आयुष्यात परत उच्चारू नका. गुडघ्यासाठी दुसरा मार्ग डॉक्टरांना विचारा.

उंदीरमामी

नाना, माझ्या नावाला हसू नका, कमावलेलं आहे. एम. फार्म.ला असताना मी पांढऱ्या उंदरांची जठरं उघडत होते, तीही नेमकी याच विषयासाठी. तेव्हा भाच्याने दाखवला त्या उंदराशी माझी जुनी ओळख आहे म्हणा. जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

प्रयोग असा असतो. उंदराला एक दिवस उपाशी ठेवायचं. पिंजऱ्याला तळाशी जाळी, नाहीतर उपाशी उंदीर स्वतःच्या लेंड्या खातो आणि मग जठर रिकामं राहत नाही. पुढे काही उंदरांना नुसतं पाणी, काहींना अमिनो आम्लाचं द्रावण, टोकाला गोळी असलेल्या वाकड्या सुईने थेट पोटात. ती सुई घशातून नेताना हात हलला तर श्वासनलिकेत जाते. पहिल्या आठवड्यात माझ्याकडून एक उंदीर तसा गेला, आणि त्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला होता. मग अर्धा-एक तास थांबायचं, आणि प्रत्येकाला एक मिलिलिटर निखळ अल्कोहोल. दारू नव्हे नाना, निखळ, शंभर टक्के. तासाभराने जठर काढायचं, त्याच्या मोठ्या वळणाच्या कडेने कात्रीने उघडायचं, सलाइनने धुवायचं आणि मेणाच्या ट्रेवर टाचण्या लावून पसरायचं.

पाणीवाल्या उंदराचं जठर पाहिलं की पोटात गोळा येतो. गुलाबी अस्तरावर लांबच लांब काळपट लाल पट्टे, चाबकाचे वळ उठावेत तसे. भिंग धरून एकेक वळ मिलिमीटरमध्ये मोजायचा. ग्लुटामिन किंवा ग्लायसिन मिळालेल्याचं जठर त्याच ट्रेमध्ये शेजारी असतं: अस्तराच्या घड्या शाबूत, कुठे एखाददुसरा वळ. फरक डोळ्यांना दिसतो, त्यासाठी आकडेमोड लागत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही वाटलं होतं की आता ही पावडर गावोगाव वाटावी.

पण क्रम बघा. आधी अमिनो आम्ल, मग मारा. १९७९ च्या सुमारास आंद्रे रॉबर्ट या शास्त्रज्ञाने ही पद्धत रूढ केली, आणि तो याला पेशींचं रक्षण म्हणत होता, बरं करणं नव्हे. आम्ल कमी न करताही अस्तर वाचवता येतं, हे त्याला दाखवायचं होतं. तुमच्या बाबतीत मारा आधी झालाय, सात-आठ महिने, दिवसातून दोनदा. आठ मिलिमीटरचा खड्डा पडून गेलाय. उंदराचा प्रयोग खोटा नाही, तो फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

आता अस्तर वाचतं कसं, तेही सांगते, कारण भाचा अगदीच हवेत बोलत नव्हता. जठरातल्या आम्लात खिळा टाकला तर गंजून झिजेल. तरी जठर स्वतःला पचवत नाही, कारण अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्या थरात पेशी सोड्यासारखा बायकार्बोनेट सोडत राहतात. वर आम्ल, खाली पेशीला टेकल्या ठिकाणी जवळजवळ साधं पाणी. शिवाय वरच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. इतक्या वेगाने बांधकाम चालू असेल तर माल लागणारच. ग्लुटामिन अशा भराभर वाढणाऱ्या पेशींचं आवडतं इंधन आहे, आणि श्लेष्मातल्या साखरेच्या साखळ्या बांधायलाही त्याचा नायट्रोजन लागतो. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन ही तीन अमिनो आम्लं जोडून ग्लुटाथायोन बनतं. ते पेशीतली जळजळ निस्तरतं, आणि जठराच्या अस्तरात ते भरपूर असतं. अर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनतं, त्याने अस्तराचा रक्तपुरवठा वाढतो. तुमच्या गोळीने नेमका उलटा घोळ केला: डायक्लोफेनॅक प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, आणि श्लेष्मा, सोडा, रक्तपुरवठा हे तिन्ही त्याच्या हुकमावर चालतात. गुडघ्याची सूज उतरवणारी गोष्ट आणि जठराचा पहारेकरी काढून घेणारी गोष्ट एकच आहे.

माणसांवर काहीच झालं नाही असं नाही. टेक्सासमध्ये विल्यम शाइव्ह आणि मंडळींनी १९५७ साली अल्सरच्या रुग्णांना दिवसाला १.६ ग्रॅम ग्लुटामिन देऊन चांगला गुण आल्याचं लिहिलं. मोजके रुग्ण होते, आणि तेव्हा अल्सर म्हणजे काळजी, तिखट आणि आम्ल एवढंच समजलं जायचं. जपानमध्ये १९७५ च्या आसपास अॅस्पिरिनबरोबर ग्लुटामिन देऊन उंदरांचं जठर वाचतं हे दाखवलं गेलं, आणि तिथे अझुलिन व ग्लुटामिन एकत्र असलेलं औषध डॉक्टर अजूनही लिहून देतात. पण पँटॉपच्या जातीची औषधं आल्यावर अल्सर इतक्या खात्रीने भरायला लागले की ग्लुटामिनची पुढे मोठी, नेटकी चाचणी करायची कुणाला गरजच उरली नाही. म्हणून आज कुणी "सिद्ध झालंय" म्हणालं तर कशावर, ते विचारा.

मात्रेचा हिशेबही भाच्याला सांगा. उंदराला किलोमागे साधारण अर्धा ते एक ग्रॅम देतात. सरळ गुणाकार केला तर तुम्हाला तीस ते साठ ग्रॅम होतील, पण तसं करत नाहीत. उंदराच्या मात्रेला सहाने भागून माणसाची मात्रा काढतात, कारण लहान जिवाची भट्टी वेगाने पेटते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पाच ते दहा ग्रॅम, एक-दोन चमचे. इथपर्यंत पोराचा चमचा बरोबर आहे! आता गव्हाकडे बघा. गव्हातल्या प्रथिनाचा साधारण तिसरा हिस्सा ग्लुटामिन आणि त्याचा भाऊ ग्लुटामेट यांचा असतो. चार चपात्यांत तीन-चार ग्रॅम सहज जातं. प्रामाणिकपणे सांगायचं तर चपातीतलं ग्लुटामिन साखळीत बांधलेलं असतं आणि पुढे आतड्यात सुटतं, पावडर मात्र थेट अस्तराला लागते. दोन्ही अगदी सारखं नाही. पण नीट जेवणाऱ्या माणसाला ग्लुटामिनचा दुष्काळ नसतो, शरीर स्वतःही बनवतं.

आणि "अमिनो आम्ल म्हणजे पोटाला चांगलं" असं सरसकट समजू नका. फेनिलअॅलॅनिन आणि ट्रिप्टोफॅन जठरात उतरले की गॅस्ट्रिन वाढतं आणि आम्ल जास्त सुटतं. दुधाचंही तेच होतं. शिकागोच्या सिपी नावाच्या डॉक्टरांनी १९१५ साली दर तासाला दूध-साय पाजायचा आहार सांगितला आणि अर्ध्या जगाने तो पन्नास वर्षं पाळला. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९८६ साली ६५ रुग्णांवर हे तपासलं. गोळ्या सगळ्यांना एकच, पण काहींना जेवणाऐवजी मुख्यतः दूध. नेहमीचं जेवण जेवणाऱ्यांत ७८ टक्क्यांचे अल्सर चार आठवड्यांत भरले, दूधवाल्यांत ५३ टक्क्यांचे. त्याच मंडळींनी दोन वर्षं आधी दिवसाला तीन ग्रॅम लाल तिखट खायला घालून पाहिलं होतं. तिखटवाले आणि बिनतिखटवाले, दोन्हीकडे ऐंशी टक्क्यांहून जास्त अल्सर भरले. तेव्हा वहिनींनी तुमचं पिठलं-ठेचा बंद केला असेल तर हे त्यांना वाचून दाखवा. जळजळ होत असेल तर मात्र नका खाऊ.

आता माझा एकच प्रश्न, आणि खरं म्हणजे हाच पहिला विचारायला हवा होता. दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये खाली कुठेतरी "आरयूटी" अशी तीन अक्षरं आहेत का? असतील तर त्यापुढे काय लिहिलंय?

कोबीवाला_पुणे

मामी, सगळं खरं, पण कोबीबद्दल काहीच बोलला नाहीत.

उंदीरमामी

बोलते. गार्नेट चेनी नावाचे सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर, १९४९. तेरा रुग्ण, रोज जवळपास लिटरभर ताज्या कोबीचा रस, अल्सर लवकर भरले. व्हिटॅमिन यू हे नाव त्यांचंच, यू म्हणजे अल्सरचं पहिलं अक्षर. ते व्हिटॅमिन नाही, मिथिओनिन या अमिनो आम्लाचं भावंड आहे. म्हणजे तुम्ही आणि नानांचा भाचा एकाच गल्लीत राहता. पण त्या तेरा जणांच्या शेजारी रस न पिणारे तेरा जण ठेवले नव्हते, आणि अल्सर आपला आपणही भरतो, पुन्हा उघडतो. पुढे त्यांनी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात तुलना करून पाहिलं, पण ते सगळं पँटॉपच्या आधीच्या जगातलं. तुमचं पित्त गेलं याचा आनंद आहे. तुम्हाला अल्सर होता का, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.

कोबीवाला_पुणे

दुर्बीण नव्हती केली. 🙂

योकोहामाची_सई

कोबी निघालाच आहे म्हणून. इथे जपानमध्ये कुठल्याही औषधाच्या दुकानात काबेजिन नावाच्या गोळ्यांच्या बाटल्या रांगेने असतात. कोवा कंपनीच्या, १९६० पासून चालत आलेल्या, नाव कोबीवरूनच पडलेलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी प्रवासाला निघाल्या की पर्समध्ये आधी ती बाटली टाकतात. नवऱ्याने मला बाटलीवरची यादी वाचून दाखवली. मामी म्हणतात तो मिथिओनिनचा भाऊ आहेच, पण त्याच्याबरोबर खायचा सोडा, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कार्बोनेट, आणि सेनबुरी नावाची कडूजहर वनस्पती. ती आपल्या काडेचिराईताच्या कुळातली निघाली. म्हणजे आजींना दहा मिनिटांत बरं वाटतं ते कोबीने की सोड्याने, देव जाणे. माझा संशय सोड्यावर आहे.

तळलेल्या पोर्क कटलेटबरोबर इथे बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीचा ढीग देतात, तो मात्र मी आवडीने खाते.

मालवणी_काकू

आमच्याकडे पोटात काय झाला तरी कुळथाची पिठी आणि भात. डॉक्टर नंतर. याच्यावर कोणी प्रयोग केल्यानी काय?

उंदीरमामी

काकू, केला! म्हैसूरला मिशनच्या दवाखान्यात फ्रँक टोवी नावाचे सर्जन होते. भारतात भात खाणाऱ्या भागात लहान आतड्याच्या तोंडाचे अल्सर जास्त आणि गहू खाणाऱ्या भागात कमी, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते आयुष्यभर त्याच्या मागे लागले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळी धान्यं-कडधान्यं उंदरांना देऊन पाहिली, त्यात अल्सरपासून वाचवणाऱ्यांत कुळीथ निघाला. गंमत म्हणजे गुण सापडला तो कुळथाच्या तेलकट अंशात, म्हणजे माझ्या अमिनो आम्लांना त्याचं श्रेय नाही. पिठी चालू द्या. फक्त "डॉक्टर नंतर" हे काळ्या शौचाला लागू नाही. तिथे डॉक्टर आधी, पिठी नंतर.

लालपरी_नाना

मामी (वयाने माझ्या पोरीएवढ्या असाल, पण नावच तसं घेतलंय), तुमचं लिखाण हिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिखटाचा भाग दोनदा वाचला. बॅगवाले साहेब, कालपासून पँटॉप सकाळी उठल्यावर घेतोय.

रिपोर्ट शोधला. कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत होता. खाली लिहिलंय, "आरयूटी: पॉझिटिव्ह". मला वाटलं पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं.

आता एक कबुली देतो. डॉक्टरांनी तेव्हा एक किट दिलं होतं, चौदा दिवसांचं. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक पाकीट फोडायचं, त्यात तीन प्रकारच्या गोळ्या. तोंडात सारखी चव यायची, गंजलेला नट चघळल्यासारखी, चहासुद्धा कडू लागायचा. पाचव्या दिवशी पोट दुखायचं थांबलं. मग म्हटलं बरं झालोय, उगाच कशाला. उरलेली पाकिटं अजून फ्रिजवर आहेत. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. डॉक्टरांची चूक नाही, त्यांनी चौदा दिवस असं बोटांवर मोजून दाखवलं होतं.

बॅगवाला_एमआर

नाना, अहो नाना. घाट अर्ध्यात गाडी न्यूट्रलला टाकलीत.

ती चव क्लॅरिथ्रोमायसिनची. पुष्कळांना येते, कोर्स संपला की जाते.

उंदीरमामी

नाना, रागावत नाही. पण आता डबा बाजूला ठेवा आणि हे नीट ऐका.

आरयूटी म्हणजे दुर्बिणीतून काढलेला अस्तराचा तांदळाएवढा कण पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असेल तर तो युरिया फोडून अमोनिया करतो आणि जेल गुलाबी होतं. याच अमोनियाच्या आडोशाला तो आम्लात जिवंत राहतो. ऑस्ट्रेलियात पर्थला वॉरन आणि मार्शल यांनी तो शोधला. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत काचेच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, म्हणून तो उगवला. आम्लात जंतू जगतो यावर कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ साली मार्शलने तो कालवून स्वतःच प्यायला, आणि आठवड्याभरात ओकाऱ्या काढत बसला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

म्हणजे तुमच्या जठरावर दोन बाजूंनी मारा होता, गोळीचा आणि जंतूचा. गोळी तुम्ही थांबवलीत. जंतू पाच दिवस मार खाऊन बहुधा तिथेच बसलाय, रात्रीची कळ कदाचित त्याचीच. आणि आता ग्लुटामिनचं ऐका. या जंतूकडे एक विकर असतं, ग्लुटामाइल ट्रान्सपेप्टिडेज. त्याने तो अस्तरातलं ग्लुटामिन आणि ग्लुटाथायोन फोडून स्वतः वापरतो. मी वर जी रक्षणाची सामग्री म्हणून कौतुकाने सांगितली, नेमकी तीच तो लुटतो. लुटारू घरात असताना कोठीत धान्य भरण्यात काय अर्थ आहे?

फ्रिजवरची पाकिटं मात्र परत सुरू करू नका. अर्ध्यात सोडलेल्या कोर्सनंतर जंतू त्या औषधाला निर्ढावलेला असू शकतो, आणि आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल दोन्हींना दाद न देणारे जंतू आधीच पुष्कळ आहेत. डॉक्टरांकडे जा, पाच दिवसांत सोडल्याचं स्पष्ट सांगा. ते बहुतेक औषधांची जोडी बदलतील. या वेळी तोंडात अख्खा नट-बोल्ट आला तरी चौदा दिवस पूर्ण. कोर्स संपल्यावर निदान चार आठवडे थांबून श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेला का ते बघायचं. त्या तपासणीआधी दोन आठवडे पँटॉप बंद लागते, ती कधी बंद करायची हे त्यांनाच विचारा. जठरातला अल्सर असल्यामुळे तो भरला का हे बघायला कदाचित पुन्हा दुर्बीणही घालतील, घाबरू नका.

पावडरीचं शेवटचं. लिव्हरचा त्रास असेल तर ग्लुटामिन नको, त्यातून अमोनिया बनतो. किडनीचा असेल तरी विचारल्याशिवाय नको. धडधाकट माणसाला थोडे दिवस एक चमचा बहुधा बाधत नाही, पण "नैसर्गिक आहे, चालतंय" हा हिशेब धोक्याचा. २०१३ साली आयसीयूतल्या १२०० हून जास्त अत्यवस्थ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. अंगात ताकद यावी म्हणून भरपूर ग्लुटामिन दिलं, आणि मिळालेल्यांत मृत्यू जास्त झाले. अर्जिनिनचंही तसंच. २००६ साली हार्ट अॅटॅक येऊन गेलेल्या १५३ जणांवर चाचणी झाली. अर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले, न घेणाऱ्यांत एकही नाही, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवली. भाचा उद्या अर्जिनिनचा डबा आणेल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

लालपरी_नाना

आज जाऊन आलो. डॉक्टर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग हसले. औषधं बदलली, या वेळी एक काळपट गोळीही आहे, म्हणाले संडास काळी होईल, घाबरू नका. मी म्हटलं साहेब, आता काळं दिसलं की मला धडकीच भरते. म्हणाले, डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं असेल, चक्कर आली, तर लगेच या; नुसतं काळं असेल तर गोळीचं. हिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर चौदा चौकटींना गोल केलेत. गुडघ्याला व्यायाम शिकवायला फिजिओवाल्यांकडे पाठवलंय.

भाच्याला डबा परत दिला. त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तो म्हणाला, "मामा, मग मीच संपवतो." चमचा मात्र हिने काढून घेतला, कुळथाच्या पिठात ठेवलाय.

मामी, एकच राहिलं. त्या श्वासाच्या तपासणीला उपाशी जायचं की चहा चालतो?

उंदीरमामी

उपाशी. चहासुद्धा नाही.